तुडुमाखालची जागा

फागुन उतरायला लागला की
बोरटोल्याचा तलाव पारीपासून चार दगड मागे सरकतो.
उन्हाळी धानाला पाणी गेलेलं असतं.
मालगुजाराच्या काळचे धोंडे
म्हातारीच्या हिरड्यांसारखे उघडे पडतात.

मी वैनगंगेकाठची.
आमच्याकडे जाळं फेकतात, नदी आणते, आपण ओढतो.
इथं सासूनं पहिल्याच वर्षी हातात गरी दिली, म्हणाली,
"तराव काही आनून देत नाही वो बाई,
त्याच्या घरी जा लागते.
गोटे शिक पह्यले. मासोरी मंग."

तर मी गोटे शिकले.
ही म्हैसपाठ, हिच्या पोटाखाली दिवेलागणीनंतरच.
तो मास्तरचा पाट, मास्तर मेला, पाट राहिला,
तिथं फक्त बोटभर शिंगी.
बंद पंपघराच्या पाइपात हात घालायचा नाही,
धोंड्या साप राहतो, चावत नाही, पण लाज काढतो.
बुडालेल्या बाभळीच्या खोडानं माझ्या तीन गऱ्या खाल्ल्या
आणि एक मासोळी दिली नाही.

रोहू-कतला सोसायटीचे. त्यांची पावती फाटते.
मांगूर कुणाचा नाही.
तो चिखलाचा, भेगांचा,
ऊन खाऊन कोमट झालेल्या दगडाच्या सावलीचा.
अधूनमधून वर येतो, हवेचा एक घोट घेतो,
बुडुक,
आणि तेवढ्यावरून सासू सांगते किती किलोचा.
"मिशा पाहून गडी नोको समजू," ती हसते,
"गाभोळी त्याच मिशीवालीच्या पोटात रायते."

सगळं सांगितलं तिनं.
गांडूळ शेणखड्यातलं घे, नालीतलं नको.
दोरी अंगठ्याला बांध, पण डाव्या.
काटा लागला तर रडू नको, चुना लाव.

यंदा चैत्र लागायच्या आधी,
मोह टपटपत होता आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन पहाटेच रानात गेल्या होत्या,
तेव्हा मी एकटी पारीवर.
तुडुमाच्या, त्या जुन्या दगडी तोंडाच्या उजव्या अंगाला
गरी गेली आणि अडकली.
चौथी गरी. नवरा काय म्हणेल ते पाठ होतं.
मी पालथी झोपले दगडावर,
हात घातला कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

आत थंड नव्हतं.
आत मऊ पांढरी माती, चुलीला सारवायची असते तशी,
आणि एक अख्खी खोली.
बोटांना काहीतरी गुळगुळीत घसरून गेलं, घाईत नसलेलं.
मग माझी गरी सापडली.
तिच्या शेजारी दुसरी.

गंजलेली. निळ्या नायलॉनची दोरी,
आणि गाठ, दोनदा फिरवून
दातानं आवळलेली,
जी बोरटोल्यात एकच बाई मारते.

मी तिथंच पडून राहिले जरा वेळ,
गाल दगडावर.
तलावात कोणी घोट घेतला.

बारा वर्षं. म्हैसपाठ दिली, पाट दिला, सापसुद्धा दिला,
आणि हे नाही.
राग यायला हवा होता.
पण मला हसू येत होतं, दगडावर पोट हलत होतं माझं.
ती गरी मी होती तिथंच ठेवली.
माझी सोडवली, गांडूळ लावलं, परत आत.

दीड किलोचा निघाला.
काळा, आणि पोटाशी पिवळसर.
टोपलीत सागाची पानं टाकली, त्यावर तो,
वर अजून पानं. घरापर्यंत तो आत कुरकुरत होता.

सायत्राबाई दारात तांदूळ पाखडत होती.
टोपलीत पाहिलं नाही तिनं.
माझ्या कोपराकडे पाहिलं.
पाऱ्यावर सगळीकडे काळी माती,
आणि माझा हात खांद्यापर्यंत पांढरा, वाळून तडकलेला.

सूप थांबलं.
एक खडा तिनं वेचला, अंगणात टाकला.

"कोठं भेटला?"
"म्हैसपाठीखाली," मी म्हणाले.
"हं," ती म्हणाली. "म्हैसपाठ चांगलीच हाये."

सूप पुन्हा सुरू झालं.
मी राखेत मासा घासायला बसले.
मागून आवाज आला,
"हात धुवून घे पह्यले.
पोरी पायतीन."